काही आवाज नाही हो

गाडी सुरू झाली की कानसेनची मान आपोआप डावीकडे कलायची, डोळे बारीक व्हायचे, आणि गाडीतले घरचे एकमेकांकडे बघायचे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "आवाज येतोय का गं?"

कानसेन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तानसेन होणं जमलं नाही तर माणसाने निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. त्याच्या मेहुण्याने लग्नातच ही पदवी देऊन टाकली, आणि ती अशी चिकटली की पुढे सासरेसुद्धा "आमचे कानसेन आले का?" असंच विचारायला लागले. पदवी अगदीच वाया गेली नव्हती, कारण त्याचा धंदाही कानाचाच होता. कान तपासणाऱ्या एका केंद्रात तो उभी हयात नोकरी करत होता. आतून जाड गादी लावलेली एक छोटी खोली, तिला फ्रीजसारखं बंद होणारं दार आणि एक काच. आत पेशंट कानांवर हेडफोन लावून बसायचा, बाहेर कानसेन यंत्रासमोर. तो जाडेभरडे, मग बारीक, मग टाचणीसारखे टोकदार आवाज एकेक करून आत सोडायचा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. शेवटी कागदावर रेघ उमटायची आणि ती उजवीकडे किती घसरली यावरून कानाचं वय कळायचं.

येणारे बहुतेक सगळे एकच वाक्य बोलत आत यायचे. "मला ऐकू येतं हो, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." कानसेन गालातल्या गालात हसायचा. सोबत आलेल्या मुलाला, सुनेला, बायकोला मात्र तो बाजूला घेऊन न चुकता एक गोष्ट बजावायचा. "हे 'काय म्हणालात?' असं विचारतील, तेव्हा 'काही नाही, जाऊ दे' असं कधी म्हणू नका. काय झालं ते परत सांगा. ऐकू न येण्याने माणूस एकटा पडत नाही, तुमच्या त्या 'काही नाही'ने पडतो." माणूस मनाने चांगला होता, यात वाद नाही. त्रास व्हायचा तो त्याच्या शेजारी गाडीत बसणाऱ्याला.

ती गाडी त्याने लेक शाळेत असताना घेतली होती. उंच, रुंद, सात माणसांची. पायरीवर पाय ठेवून चढायचं, मग खालच्या छोट्या गाड्यांकडे जरा दयेने बघायचं. तेव्हा ती घराची शान होती. आता लेक नोकरीच्या वयाला आली आणि गाडी निवृत्तीच्या. पुढच्या दाराची काच खाली जायची ती स्वतःच्या इच्छेने, वर यायची ती दोन्ही तळव्यांनी धरून ओढल्यावर. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडायचं, त्यामुळे तिथे बसलेल्याला मुक्कामावर कुणीतरी सोडवेपर्यंत कोंडून राहावं लागायचं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना असा हिसका बसायचा की सगळे एकदम मान डोलवायचे. रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, पण खाली थेंब सापडत नसे. तेलाचे थेंब मात्र हवे तितके सापडायचे, म्हणून पार्किंगच्या जागेत कायमचा एक पुठ्ठा पसरलेला होता. इंजिनाचा पिवळा दिवा तर वर्षानुवर्षं जळत होता. बायको म्हणायची, "असू दे, तेवढाच उजेड." चढ लागला की एसी बंद, काचा खाली आणि सगळ्यांचे डोळे तापमानाच्या काट्यावर, ही घराची रीत झाली होती. एक सांधावं तर तेरा तुटावेत, असा तो संसार.

कानसेनला ह्यातल्या कशाचंही एवढं वाटत नसे. त्याला छळायचे ते आवाज. रबर झिजून चाकाजवळून येणारी धडधड, डॅशबोर्डच्या पोटातली टिकटिक, उतारावरचं घूंऽऽ, आणि कुठून येते ते कधीच न कळणारी कुरकुर. आवाज आला की हा अस्वस्थ. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, आत डोकं खुपसायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा मान डावीकडे. रात्री जेवतानाही त्याचा पाय टेबलाखाली त्या धडधडीच्या ठेक्यात हलत असायचा. एकदा मेहुण्याकडे जाताना त्याने वाटेत सतरा वेळा गाडी थांबवली. सामान उतरवलं, सीट वर केल्या, बायकोला मागे बसवून कान लावायला सांगितलं. शेवटी ती खुडखुड सीटखाली गडगडणाऱ्या थर्मासच्या झाकणाची निघाली. तोवर मेहुण्याकडची माणसं जेवून झोपायच्या तयारीला लागली होती.

त्या दिवशी परत आल्यावर मायलेकींनी स्वयंपाकघरात गुप्त करार केला. गाडीतून कसलाही आवाज येवो, विचारलं की उत्तर एकच. "नाही हो, काही आवाज नाही." गॅरेजवाल्यालाही लेकीने जाऊन करारात सामील करून घेतलं. तो तर देवासारखी वाटच बघत होता. कानसेन दर आठवड्याला त्याच्या दारात उभा असायचा. करारानंतर गॅरेजवाला बॉनेट उघडायचा, पान्याने कुठेतरी टकटक करायचा, बॉनेट आपटून लावायचा आणि म्हणायचा, "घ्या साहेब, गेला आवाज. आणि राहिला असेल थोडा तर सवय करा. माझे गुडघेसुद्धा वाजतात, मी कुठे उघडून बघतो?"

कानसेनला ह्यातलं काही कळत नव्हतं असं समजू नका. ज्याने आयुष्यभर माणसं ऐकली, त्याला बायकोचं "नाही हो" कळणार नाही? प्रश्न पुरता संपायच्या आधीच ते यायचं. पण तीन-तीन माणसं एकाच सुरात नाही म्हणतात म्हटल्यावर आपणच जरा अती करतो की काय, असं त्यालाही वाटायचं. तो गप्प बसायचा आणि आतल्या आत कुढायचा.

मग, कसं कोण जाणे, गाडी शांत होत गेली.

धडधड होती, घूंऽऽ होतं, पण ते बारीकसारीक आवाज, ती टिकटिक, ती कुरकुर, हळूहळू नाहीसे झाले. कानसेनला आधी विश्वासच बसेना. महिना-दोन महिने तो कान टवकारून गाडी चालवत राहिला. काही नाही. "बघ," तो बायकोला म्हणाला, "जुन्या गाडीला वेळ द्यावा लागतो. सगळे भाग आपापल्या जागी बसतात." बायकोने लेकीकडे बघितलं आणि लेकीने खिडकीबाहेर.

गाडी सुधारली, तसं घरातलं बाकी सगळं मात्र बिघडत चाललं. वॉशिंग मशीन कपडे झाले की शिट्टी द्यायचं, ते द्यायचं बंद झालं. मनगटावरच्या घड्याळाचा गजर बंद पडला. त्याने दोनदा बॅटरी बदलून घेतली. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईने तोंडात काहीतरी ठेवून बोलायला सुरुवात केली. केंद्रातलं यंत्रसुद्धा फितूर झालं. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत कानसेन बाहेर उभ्याउभ्याच स्वतः हेडफोन लावून यंत्र तपासायचा, कारण यंत्र नीट आहे की नाही हे ज्याचा कान नीट आहे त्यालाच कळतं. वरच्या पट्टीचे आवाज त्यात हल्ली फार दबके यायला लागले होते. तो बटण थोडं वाढवायचा, यायचे. आठवड्याने आणखी थोडं वाढवायचा. मग एका सकाळी बटण कितीही फिरवलं तरी त्या टाचणीसारख्या आवाजांतला एकही आला नाही. "वायर गेली," कानसेन रिसेप्शनच्या बाईंना म्हणाला. वायर बदलून मागवली. तीही तशीच निघाली. तेव्हा त्याने चिडून कंपनीकडे तक्रार केली आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या इंजिनीयरला बोलावून घेतलं.

आणखी एक बदल झाला होता, त्याचा कानसेनला अभिमान वाटायचा. सोसायटीच्या फाटकापाशी वॉचमनचा म्हातारा कुत्रा दिवसभर आडवा पसरलेला असायचा. ट्रक आला तरी तो कान हलवत नसे. पण हल्ली कानसेनची गाडी फाटकातून आत वळली, ब्रेकवर पाय पडला, की कुत्रा ताडकन उठायचा आणि भिंतीपलीकडे निघून जायचा. "पाहिलंस?" कानसेन बायकोला म्हणायचा. "मानाने वाट देतो." बायको त्या वेळी नेमका रेडिओ मोठा करायची.

मायलेकींना काय ऐकू येत होतं ते आता सांगून टाकायला हवं. गाडी हळू झाली की पुढच्या चाकातून एक आवाज यायचा. चींऽऽ! पाटीवर नख ओढावं तसा, दात आंबवणारा. पहिल्यांदा आला तेव्हा दोघींनी श्वास रोखला. आता थांबवणार गाडी, आता उतरवणार सगळ्यांना. कानसेन मात्र शिट्टी वाजवत गाडी हाकत होता. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. थर्मासच्या झाकणासाठी जगबुडी आल्यासारखं करणारा माणूस एवढ्या मोठ्या किंकाळीवर अवाक्षर काढत नाही, म्हटल्यावर दोघी काय समजणार? "आई, काही नसेल," लेक म्हणाली. "असतं तर बाबाने एव्हाना गाडी उलटीपालटी केली असती." आईला ते पटलं. त्याचं गप्प बसणं हेच त्यांना गाडी धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र वाटलं. आणि हा तिकडे त्यांच्या "नाही हो"वर हवाला ठेवून बसलेला. एकमेकांवर इतका विश्वास आणि तोही नेमका चुकीच्या जागी, असं मी तरी दुसऱ्या घरात पाहिलेलं नाही.

लेकीला घाटाखालच्या शहरात नोकरी मिळाली. मोठी नोकरी, स्वतंत्र खोली, आणि रोजच्या येण्याजाण्याला गाडी लागणारच. "ही घेऊन जा," कानसेन म्हणाला. "मला काय करायचीय आता? नाहीतरी सुधारलीय." लेक खूश झाली. निघण्याआधी तो गाडी गॅरेजवाल्याकडे घेऊन गेला. तेल बदललं, पाणी भरलं. "आणखी काही आवाज-बिवाज?" गॅरेजवाल्याने धास्तावून विचारलं. "छे! एकदम शांत." गॅरेजवाल्याने सुटकेचा निश्वास टाकला आणि चाकांना हात न लावता गाडी परत दिली.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीत गादी, कपाटाचे सुटे भाग, भांड्यांची खोकी आणि झाडाची एक कुंडी भरली. कानसेन बरोबर जाणार होता, पण नेमका त्याच दिवशी इंजिनीयर यायचा होता. शिवाय जागाही फारशी उरली नव्हती. बायको खोली लावून द्यायला जात होती. तो फाटकापर्यंत गाडीमागे चालत गेला. लेकीने फाटकाशी ब्रेक लावला, कुत्रा उठून गेला, कानसेनने हात हलवला. मग गाडी दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता. जीव थाऱ्यावर का नाही ते त्याला कळेना. आवाज नाही, काही नाही, मग हे काय आहे?

इंजिनीयर तरणाबांड आणि घाईतला होता. त्याने यंत्राला आपली पेटी जोडली, आकडे बघितले, खालचे आवाज, वरचे आवाज, सगळं मोजलं. "यंत्र ठणठणीत आहे."

"शक्य नाही," कानसेन म्हणाला. "वरच्या पट्टीत काही येतच नाही."

"येतंय की. हे बघा." त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि चेहरा वाकडा केला. "केवढं कर्कश ठेवलंय तुम्ही! पेशंटचे कान जातील अशाने." मग त्याने हेडफोन पुढे केला आणि अगदी सहज, काही मनात न धरता म्हणाला, "तुम्ही आत बसा ना, मी आवाज देतो."

कानसेन त्या खोलीत गेला. हजारदा झाडून-पुसून घेतलेली खोली, पण त्या खुर्चीत बसायची त्याची पहिलीच वेळ. दार बंद झालं. जाडेभरडे आवाज आले, त्याने बटण दाबलं. मधले आले, दाबलं. मग काहीच येईना. तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. काचेपलीकडे इंजिनीयरचा हात यंत्रावर हलताना दिसत होता. तो आवाज देत होता. आणखी मोठा देत होता. त्याने मान वर करून कानसेनकडे बघितलं, आणि त्या बघण्यात कानसेनला सगळं कळलं. तो स्वतः काचेच्या त्या बाजूने असाच बघत आला होता.

तो बाहेर आला. कागदावरची रेघ मध्यापर्यंत सरळ चालत आली होती आणि तिथून कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची. ज्या कानांवर नोकरी, ज्या कानांवर नाव, ते कधीच हातचे गेले होते, आणि तो वायरी बदलत बसला होता. वॉशिंग मशीन नीट होतं. घड्याळ नीट होतं. बातम्या देणारी बाई नीट बोलत होती. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, हे वाक्य आपणही बोललो का, ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. बोललो होतो. मागच्याच आठवड्यात. बायकोला.

आणि मग त्याला कुत्रा आठवला.

कुत्रा मानाने उठत नव्हता. कुत्र्याला काहीतरी सोसत नव्हतं. ब्रेक लागला की, फाटकाशी, दर वेळी. कानसेन उभ्याचा खाली बसला आणि बसलेला पुन्हा उठला. ब्रेकच्या पॅडना लोखंडाची एक बारीकशी जीभ असते. पॅड झिजत आलं की ती चकतीला घासते आणि किंचाळते, म्हणजे ज्याला कान आहेत त्याने वेळेत ऐकावं. हे त्याने स्वतःच घरात सांगितलं होतं. इतक्यांदा सांगितलं होतं की कुणीच ऐकलं नव्हतं. आणि आता दोघी सामानाने भरलेली गाडी घेऊन घाट उतरायला निघाल्या होत्या.

त्याने बायकोला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. रिसेप्शनच्या बाई "काय झालं, पाणी देऊ का?" म्हणत मागे आल्या, त्यांना त्याने हातानेच थांबवलं. तो खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जात होता आणि परत येत होता. शेवटी रिंग वाजली.

"अगं, कुठे आहात?"

"वर पोचलो. आता उतार सुरू होईल. मस्त हवा आहे."

"नीट ऐक. ब्रेक लावला की पुढच्या चाकातून बारीक आवाज येतो का?"

"नाही हो, काही आवाज नाही. तुम्ही उगीच—"

फोन कटला.

प्रश्न संपायच्या आधीच आलेलं ते "नाही हो". करार पाळत होती ती, बिचारी, घाटमाथ्यावरसुद्धा. नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून. कानसेनला क्षणभर वाटलं, मान्य करावं. नाही म्हणते ना, मग नसेल. तसं केलं तर कुणालाच काही सांगायला नको. यंत्र नीट आहे, इंजिनीयर जाईल, आपण बटण थोडं वाढवून घेऊ. हा विचार त्याला आला, आणि त्याची त्याला पुढे कितीतरी दिवस भीती वाटत राहिली. त्याने पुन्हा फोन लावला.

"काय हो परत?"

"मला ऐकू येत नाही."

"रेंज नाहीये इथे, मोठ्याने बोलते—"

"तसं नाही गं. मला ऐकू येत नाही. कान गेलेत माझे. आत्ता तपासले. वरचं काहीच येत नाही, बारीक आवाज एकही येत नाही. किती दिवसांपासून, कोण जाणे." इंजिनीयर आणि रिसेप्शनच्या बाई दोघंही दारात उभी होती. असू देत, त्याला आता कुणाची लाज उरली नव्हती. "गाडी सुधारली नव्हती. मला यायचं बंद झालं होतं. आता खरं सांग. माझ्यासाठी नको, खरं सांग. आवाज येतोय का?"

पलीकडे नुसता वारा होता. मग बायको म्हणाली, "येतोय."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले हो. चींऽऽ करतो. आता तर नुसतं घासल्यासारखं येतंय. तुम्ही काही बोलत नव्हतात, म्हणून आम्हाला वाटलं..."

"तिला सांग, इथेच थांब. उतारावर चाक घालू नकोस. अगदी इथेच."

त्याने लेकीचा आवाज ऐकला, "काय म्हणतोय बाबा?" आणि आईने ते सगळं, शब्द न् शब्द, तिला परत सांगितलं. काही नाही, जाऊ दे, असं म्हणाली नाही. मग गाडीचं इंजिन बंद झालेलं त्याला नीट ऐकू आलं. तो जाडाभरडा आवाज होता.

गॅरेजवाल्याने हातातलं काम टाकलं, नवे पॅड पिशवीत भरले आणि कानसेनला स्कूटरवर मागे बसवून घाट चढायला घेतला. वाटेत वाऱ्यात त्याने ओरडून कबुली दिली. "साहेब, खोटं बोललो मी! पोरीने सांगितलं होतं, म्हणून नुसतं बॉनेट उघडायचो आणि लावायचो!"

"काय?" कानसेन ओरडला.

"खोटं बोललो म्हटलं!"

"माहीत होतं!" कानसेन म्हणाला. त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते वाऱ्याने झालं असं तो गॅरेजवाल्याला म्हणाला असता, पण गॅरेजवाल्याने विचारलं नाही.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीमागे गाडी उभी होती. मायलेकी कठड्यावर बसल्या होत्या. लेकीने बापाला पाहिलं आणि ती येऊन त्याला बिलगली, शाळेतून यायची तशी. बायको जागची उठली नाही, फक्त त्याच्या कानांकडे बघत राहिली, जणू ते आज पहिल्यांदा दिसले. गॅरेजवाल्याने चाक काढलं आणि आत बोट फिरवून बघितलं. पॅड नावाची गोष्ट उरली नव्हती. लोखंडाने लोखंड खाल्लं होतं. "अर्धाच घाट पुरले असते ब्रेक," तो एवढंच म्हणाला.

"बाबा, मला वाटलं तुला येतोय ऐकू," लेक म्हणाली. "मला वाटलं, तू काही म्हणत नाहीस म्हणजे..."

"मलाही तसंच वाटलं," कानसेन म्हणाला. "तुम्ही काही म्हणत नाही म्हणजे..."

गॅरेजवाला आपलं काम करत राहिला. कानसेनने बायकोजवळ बसून तिला रेघेचा कागद दाखवला. उद्या केंद्रात काय सांगायचं, रोज सकाळी यंत्र कोण तपासणार, पेशंट काय म्हणतील, हे सगळं तो धडाधड बोलत सुटला. पाय हलतच होता. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मशीन लावून घ्या कानाला," ती म्हणाली. "दुनियेला लावता."

"लाज वाटते गं."

"लोकांना सांगता ना, 'लाजायचं काय त्यात?' आता मी सांगते तुम्हाला."

चाकं बसली. गॅरेजवाला स्कूटरवरून परत गेला. कानसेन म्हणाला, मी तुमच्याबरोबर खाली येतो, आणि मागे गादी आणि कुंडीच्या मधल्या फटीत, त्या न उघडणाऱ्या दाराशी जाऊन बसला. लेकीने गाडी काढली. दुसऱ्यातून तिसऱ्यात हिसका बसला, तिघांनी मान डोलवली. पहिलं वळण आलं, लेकीने ब्रेकवर पाय ठेवला, गाडी हळू झाली. कानसेनला फक्त चाकांचं घूंऽऽ येत होतं. त्यावर, त्याच्या वर, जगात काय चाललंय ते त्याला कळायची सोय नव्हती.

"आवाज येतोय का?" त्याने विचारलं.

बायकोने लगेच उत्तर दिलं नाही. तिने रेडिओ बंद केला. पुढची काच स्वतःच्या इच्छेने खाली गेली तशी जाऊ दिली आणि डोकं बाहेर काढलं. "परत लाव," ती लेकीला म्हणाली. लेकीने ब्रेक लावला. "आणखी एकदा." लेकीने लावला. ती तशीच वाऱ्यात मान डावीकडे कलवून, डोळे बारीक करून ऐकत राहिली. मग आत येऊन, मागे वळून, त्याला ओठ दिसतील अशी बसली.

"नाही हो," ती म्हणाली. "काही आवाज नाही."

पुढचं वळण आलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.